मंदिरांची नोंदवही राखणारा विद्वान : डॉ. जेम्स बर्जेस

मंदिर उभारणाऱ्या श्रेष्ठींचे नाव शिलालेखात कोरले जाते. जीर्णोद्धार करणाऱ्याचे नाव प्रशस्तीत येते. प्रतिष्ठा करणाऱ्या आचार्यांचे नाव मूर्तीच्या पीठावर शतकानुशतके टिकून राहते. परंतु त्याच मंदिराची लांबी-रुंदी मोजणाऱ्याचे, झिजत चाललेला लेख कागदावर उतरवून घेणाऱ्याचे आणि ढासळू पाहणाऱ्या भिंतीचे चित्र काढून ठेवणाऱ्याचे नाव कोणत्याही पाषाणावर आढळत नाही. आज आपल्या तीर्थांचा जो इतिहास आपण अभिमानाने सांगतो, त्यातील कितीतरी तिथी, नावे आणि प्रमाणे अशाच माणसांच्या परिश्रमातून आपल्यापर्यंत आलेली आहेत. डॉ. जेम्स बर्जेस हे त्या परंपरेतील एक अग्रगण्य नाव होय.

शत्रुंजय, गिरनार, वेरूळ, बदामी, ऐहोळ, धाराशिव आणि अंकाई-टंकाई ही सारी स्थळे त्यांच्या लेखणीखालून गेली. ते जन्माने जैन नव्हते, भारतीयही नव्हते. तरीही पश्चिम भारतातील मध्ययुगीन धर्मवास्तूंच्या पद्धतशीर अभ्यासाचा पाया ज्यांनी घातला, त्यांत त्यांचे स्थान फार वरचे आहे.

गणिताचा अध्यापक

जेम्स बर्जेस यांचा जन्म १४ ऑगस्ट १८३२ रोजी स्कॉटलंडमधील डम्फ्रीजशायर परगण्यातील कर्कमाहो या गावी झाला. डम्फ्रीज येथील शिक्षणानंतर त्यांनी ग्लासगो आणि एडिंबरो येथे उच्च शिक्षण घेतले. गणित हा त्यांचा मूळ विषय. १८५५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते कलकत्त्यातील डव्हटन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून भारतात आले. १८६१ साली ते मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई पारशी बेनिव्होलंट इन्स्टिट्यूशनच्या शाळेचे प्रमुख झाले.

ती मुंबई कापसाच्या तेजीने भारावलेली होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात पैशाचा पूर आला. १८६५ साली युद्ध संपताच तो पूर ओसरला व अनेक पेढ्या बुडाल्या. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्याव्यासंगी पुरुषालाही त्याची मोठी झळ बसली. त्याच काळात टाऊन हॉलमधील एशियाटिक सोसायटीत प्राचीन लेख, नाणी आणि ताम्रपट यांचा अभ्यास मात्र नेटाने चालू होता. भाऊ दाजींच्या हाताखाली जुनागढहून आलेले तरुण पंडित भगवानलाल इंद्रजी काम करीत होते. बर्जेस या वातावरणात ओढले गेले. १८६८ पासून त्यांनी मुंबईच्या भौगोलिक संस्थेचे चिटणीसपदही सांभाळले. शाळा सुटल्यावरचा वेळ आणि सुट्ट्यांचे दिवस ते लेण्यांच्या व मंदिरांच्या अभ्यासासाठी वेचू लागले.

शत्रुंजयाचे पहिले चित्रमय दर्शन

१८६९ साली बर्जेस यांचा शत्रुंजयावरील ग्रंथ मुंबईत प्रसिद्ध झाला. साईक्स आणि ड्वायर या छायाचित्रकार पेढीने काढलेली ४५ छायाचित्रे त्यात होती आणि त्यांच्या जोडीला बर्जेस यांनी लिहिलेले विस्तृत निवेदन होते. त्याच वर्षी मे महिन्याच्या ऐन उन्हाळ्यात त्यांनी सोमनाथ, जुनागढ व गिरनार येथे प्रवास केला आणि त्याचीही माहिती छापून काढली.

त्या काळी छायाचित्र घेणे म्हणजे केवळ कळ दाबणे नव्हते. काचेची जड तावदाने, रसायनांच्या बाटल्या, काळोख करण्यासाठी लागणारा तंबू आणि अवजड तिपाई एवढा संसार डोंगरावर चढवावा लागे. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या ज्या यात्रेकरूने चढल्या आहेत, त्याला या श्रमाची कल्पना येईल.

शत्रुंजय हे पुनर्निर्माणाचे तीर्थ आहे. आदिनाथांच्या मुख्य मंदिराचा उद्धार बाराव्या शतकात मंत्री वाग्भटांनी केला, चौदाव्या शतकात समराशाहांनी केला आणि विक्रम संवत १५८७ मध्ये, म्हणजे इ. स. १५३१ साली, चितोडच्या कर्माशाहांनी केला. कर्माशाह हे दोशी, म्हणजे कापडाचे व्यापारी होते, असे परंपरा सांगते. सवा-सोमजींचे चौमुख मंदिर संवत १६७५ चे आहे. मुंबईच्या शेठ मोतीशाहांनी दरी भरून काढून तिच्यावर टूक उभारली आणि तिची प्रतिष्ठा त्यांच्या पश्चात झाली. बर्जेस तेथे गेले तेव्हा मोतीशाहांच्या टुकेला जेमतेम तीन दशके लोटली होती.

व्यापाऱ्यांच्या धनाने आणि सोमपुरा शिल्पींच्या हातांनी घडलेली ही मंदिरांची नगरी बर्जेस यांनी जशी पाहिली तशी कागदावर बंदिस्त केली. पुढे विसाव्या शतकात शेठ आनंदजी कल्याणजी पेढीने कस्तुरभाई लालभाई यांच्या नेतृत्वाखाली शत्रुंजयावर मोठा जीर्णोद्धार केला. मूळ शिल्पकाम झाकणारे चुन्याचे थर काढले गेले आणि मुख्य मंदिराला खेटून उभी राहिलेली काही नंतरची बांधकामे दूर झाली. मंदिराचे मूळ रूप त्यामुळे खुलले. त्यापूर्वीच्या शत्रुंजयाचे रूप जाणून घेऊ पाहणाऱ्या अभ्यासकाला मात्र १८६९ च्या त्या ग्रंथाकडेच वळावे लागते. नोंद ही पाषाणाचा पर्याय होऊ शकत नाही. परंतु पाषाण बदलल्यानंतर त्याची साक्ष तीच देते.

एक मासिक आणि त्याभोवती जमलेला विद्वत्समाज

१८७२ साली बर्जेस यांनी ‘इंडियन अँटिक्वेरी’ हे मासिक सुरू केले. भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात ते छापले जाई. भारतातील शिलालेख, ताम्रपट, नाणी, हस्तलिखिते, लोककथा आणि स्थापत्य या सर्वांना एकाच ठिकाणी स्थान देणारे हे मासिक होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, काशिनाथ त्र्यंबक तेलंग, भगवानलाल इंद्रजी हे भारतीय पंडित आणि ब्यूलर, फ्लीट, कीलहॉर्न, याकोबी हे युरोपीय अभ्यासक या एकाच पंक्तीला बसले. १८८४ पर्यंत संपादनाची धुरा बर्जेस यांनी वाहिली. त्यांच्यानंतरही हे मासिक १९३३ पर्यंत चालले.

जैन समाजाच्या दृष्टीने या मासिकाचे मोल वेगळेच आहे. एकोणिसाव्या शतकात अनेक पाश्चात्त्य पंडित जैन धर्माला बौद्ध धर्माची एक शाखा समजत होते. हर्मान याकोबी यांनी कल्पसूत्राच्या आपल्या १८७९ च्या आवृत्तीत या मताचे खंडन केले. महावीर आणि त्यांचे पूर्ववर्ती तीर्थंकर यांच्याविषयीचा त्यांचा निबंध १८८० साली ‘इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध झाला. १८८२ साली योहान्स क्लाट यांनी पट्टावलींमधील गुरुपरंपरेचे उतारे याच पानांवर आणले. उपाश्रयांच्या भांडारांत जपलेली परंपरा जगातील विद्वानांच्या चर्चेत आली, ती अशा मार्गाने.

बेळगावपासून वेरुळापर्यंत

केंद्रीय पुरातत्त्व खाते १८६१ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्यासाठी निर्माण झाले, मध्यंतरी बंद पडले आणि १८७१ साली पुन्हा उभे राहिले. परंतु कनिंगहॅम यांचे लक्ष मुख्यतः उत्तर भारताकडे होते. पश्चिम भारतासाठी स्वतंत्र सर्वेक्षणाची योजना झाली आणि तिचे प्रमुख म्हणून बर्जेस यांची निवड झाली. जानेवारी ते मे १८७४ या पहिल्या हंगामात त्यांनी बेळगाव व कलादगी जिल्ह्यांचा दौरा केला. मोजके सहायक, मोजमापाच्या फिती, चित्रकलेचे सामान आणि ठसे घेण्याचा कागद एवढ्या सामग्रीवर हे संशोधन केंद्र चालत होते. त्याला स्वतःची भव्य इमारत नव्हती. ते बैलगाडीतून गावोगाव फिरत होते, असे म्हटले तरी वावगे होणार नाही.

शिलालेखाचा ठसा घेण्याची रीत साधी परंतु कष्टाची होती. लेखाचा दगड धुऊन स्वच्छ करायचा, त्यावर ओला कागद पसरायचा, ब्रशने हलके हलके ठोकून तो अक्षरांच्या खोबणीत बसवायचा आणि वाळल्यावर अलगद सोडवून घ्यायचा. दगड जागेवर राही आणि त्याचे अक्षरन् अक्षर अभ्यासकाच्या मेजावर पोहोचे.

बदामीच्या तिसऱ्या लेण्यात चालुक्य मंगलेशाच्या काळचा शके ५०० चा लेख आहे. निश्चित शकवर्ष असलेल्या या लेखामुळे दक्षिणेतील लेण्यांच्या कालगणनेला पक्का आधार मिळाला. त्याच परिसरातील चौथे लेणे जैनांचे आहे. ऐहोळच्या मेगुती टेकडीवरील जिनालयात रविकीर्तीने रचलेली शके ५५६ ची, म्हणजे इ. स. ६३४ ची, प्रशस्ती आहे. सत्याश्रय पुलकेशीच्या पराक्रमाबरोबर तिच्यात कालिदास व भारवी यांची नावे येतात. तीन महाराष्ट्रक आणि त्यांतील ९९,००० गावे यांचा उल्लेखही तिच्यातच आहे. महाराष्ट्राच्या इतिहासाचे इतके महत्त्वाचे साधन एका जैन मंदिराच्या भिंतीने जपून ठेवले आणि फ्लीट यांनी ते बर्जेस यांच्या मासिकातून प्रकाशात आणले.

दुसऱ्या हंगामात काठेवाड व कच्छ, तिसऱ्यात बीदर व औरंगाबाद, असा हा प्रवास पुढे सरकत गेला. १८८० साली जेम्स फर्ग्युसन यांच्यासह बर्जेस यांनी भारतातील लेणीमंदिरांवरील बृहद्ग्रंथ सिद्ध केला. १८८३ साली वेरूळच्या लेण्यांचा स्वतंत्र खंड निघाला. वेरूळला गेलेला प्रत्येक प्रवासी आज एक ते चौतीस असे लेण्यांचे क्रमांक वाचतो. ही क्रमवारी याच ग्रंथांतून रूढ झाली. तीस ते चौतीस ही जैन लेणी. छोटा कैलास, इंद्रसभा आणि जगन्नाथसभा ही त्यांतील प्रसिद्ध नावे. त्यांच्या वरच्या डोंगरावरील भव्य पार्श्वनाथ मूर्तीच्या आसनावर शके ११५६ चा लेख आहे. चक्रेश्वर नावाच्या श्रावकाने या चारणाद्रीवर जिनमूर्ती घडविल्या, अशी हकीकत तो सांगतो. सुमारे आठ शतकांपूर्वीच्या त्या दात्याचे नाव आज आपण घेऊ शकतो, याचे श्रेय तो लेख वाचून छापणाऱ्यांना द्यावे लागेल.

१८८१ साली पश्चिम भारतातील लेण्यांमधील लेखांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्याच्या मुखपृष्ठावर बर्जेस यांच्याबरोबर पंडित भगवानलाल इंद्रजी यांचेही नाव आहे. परकीय सत्तेच्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. तरीसुद्धा ज्यांनी फिती धरल्या, आराखडे रेखाटले, झाडाझुडपांतून वाटा काढून दिल्या, त्या अनेक एतद्देशीय सहायकांची नावे सर्वसामान्य वाचकापर्यंत पोहोचली नाहीत, हेही नमूद करणे न्याय्य ठरेल.

अवशेषांची यादी

बर्जेस यांच्या ग्रंथसंपदेत एक पुस्तक दिसायला अगदी रुक्ष आहे. त्यात सुंदर चित्रे नाहीत की रसाळ वर्णने नाहीत. ते पुस्तक म्हणजे १८८५ साली प्रसिद्ध झालेली मुंबई इलाख्यातील प्राचीन अवशेषांची यादी. महसूल, शिक्षण आणि इतर खात्यांच्या अधिकाऱ्यांकडून माहिती मागवून, जिल्हा आणि तालुका यांच्या क्रमाने, कोणत्या गावी कोणते मंदिर, मशीद, लेणे, विहीर वा शिलालेख आहे, हे त्यात नोंदविले आहे.

व्यवहारात ज्या दुकानाला मालाची यादी नाही, तेथे काय चोरीस गेले आणि काय कुजले हे मालकालाही सांगता येत नाही. देशाच्या वारशाची स्थिती तेव्हा तशीच होती. मंदिराचा दगड धरणाच्या भिंतीत जाई, खांब पुलाखाली जाई, वीरगळ धोबीघाटावर पडून राही. कोणी विचारणारे नव्हते, कारण तेथे काही होते याची नोंदच नव्हती. या यादीत उणिवा होत्या. निरनिराळ्या लोकांनी पाठविलेली माहिती कमी-अधिक प्रतीची असणारच. बर्जेस यांचे सहायक हेन्री कझिन्स यांनी १८९७ साली तिची सुधारलेली आवृत्ती काढली. परंतु अपूर्ण यादी सुधारता येते. नसलेली यादी कोण सुधारणार?

बर्जेस यांच्या दृष्टीचा आणखी एक विशेष सांगितला पाहिजे. त्यांनी जैन, ब्राह्मणी, बौद्ध आणि मुस्लिम वास्तूंचा सारख्याच काळजीने अभ्यास केला. भडोच, खंबायत, धोळका, चांपानेर येथील मशिदींवरील त्यांचा खंड १८९६ साली आणि अहमदाबादवरील दोन खंड १९०० व १९०५ साली निघाले. गुजरातच्या मशिदींचे खांब, छत आणि जाळ्या पाहताना मंदिरे घडविणाऱ्या कारागिरांचाच हात अभ्यासकाला ओळखू येतो. १९०३ साली कझिन्स यांच्यासह त्यांनी उत्तर गुजरातच्या वास्तूंचा खंड प्रसिद्ध केला. पाटणची राणीची वाव तेव्हा जवळजवळ संपूर्ण गाळाखाली होती. विहिरीचा भाग आणि थोडे स्तंभ एवढेच वर दिसत होते. पुढे पुरातत्त्व खात्याने ती मोकळी केली आणि २०१४ साली तिचा समावेश जागतिक वारसास्थळांत झाला. जमिनीखाली काय दडले आहे हे ठाऊक नसतानाही जेवढे वर दिसते तेवढे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवावे, हा त्यांच्या कार्याचा धर्म होता.

अमरावतीचा धडा

थोर पुरुषाचे चरित्र सांगताना त्याच्या कार्यावरील आक्षेपही झाकू नयेत. १८८१ साली बर्जेस यांच्याकडे दक्षिण भारताच्या सर्वेक्षणाचीही जबाबदारी आली. कृष्णाकाठच्या अमरावती येथील प्राचीन बौद्ध स्तूपाची दैना त्यापूर्वीच झाली होती. शिळा उपटल्या गेल्या होत्या, काही दूरदेशी गेल्या होत्या आणि १८८० साली झालेल्या घाईच्या खोदकामाने उरलेली जागाही विस्कटली होती. उघड्यावर पडलेली शिल्पे वाचविण्यासाठी ती मद्रासच्या संग्रहालयात हलवावीत, असे बर्जेस यांचे मत होते. प्राचीन स्मारकांच्या जतनासाठी नेमलेले अधिकारी हेन्री हार्डी कोल यांचे म्हणणे याच्या उलट होते. शिल्पे मूळ जागीच राखावीत, असा त्यांचा आग्रह होता. शेवटी बर्जेस यांचे मत चालले आणि निवडक शिळा मद्रासला गेल्या. शिल्पे वाचली, परंतु अमरावतीचा स्तूप मात्र जागेवर जवळजवळ उरला नाही.

बर्जेस यांनी १८८७ साली त्या शिल्पांवर विद्वत्तापूर्ण ग्रंथ लिहिला, तरी या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. वास्तू तिच्या जागेवरून हलविली की तिचा अर्थ निम्मा हरवतो. ती जागेवर ठेवून तिची काळजी घेणारा कोणी नसेल, तर ती सबंधच हरवते. या दोन हानींतील कोणती लहान, हा पेच आजच्या विश्वस्तांसमोरही अनेकदा उभा राहतो.

महासंचालकपद आणि मथुरेचा पुरावा

कनिंगहॅम निवृत्त झाल्यावर १८८६ साली बर्जेस भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. १८८८ साली त्यांनी केवळ शिलालेखांसाठी वाहिलेले ‘एपिग्राफिया इंडिका’ हे प्रकाशन सुरू केले. शत्रुंजयावरील जैन लेख ब्यूलर यांनी याच मालेत प्रसिद्ध केले आणि कर्माशाहांच्या उद्धाराची प्रशस्ती त्यांत आली.

मथुरेच्या कंकाली टील्यावर बर्जेस व त्यांचे सहकारी फ्यूरर यांच्या काळात झालेल्या उत्खननाचे महत्त्व तर असाधारण आहे. तेथे जैन स्तूपाचे अवशेष, आयागपट, तीर्थंकरांच्या मूर्ती आणि कुषाणकालीन लेख मिळाले. त्या लेखांत आचार्यांचे गण, कुल आणि शाखा यांची नावे होती. ब्यूलर यांनी ती कल्पसूत्राच्या स्थविरावलीशी ताडून पाहिली आणि अनेक नावे जुळली. जैन परंपरेने मुखोद्गत ठेवलेली व पोथ्यांतून जपलेली गुरुपरंपरा विश्वसनीय आहे, याला पाषाणाची साक्ष मिळाली. कित्येक मूर्ती श्राविकांच्या दानातून घडल्या होत्या, हेही त्या लेखांनी दाखवून दिले.

१८८९ साली बर्जेस निवृत्त झाले. त्यानंतर महासंचालकाचे पदच भरले गेले नाही. मोडक्या व्यवस्थेवर पश्चिमेत कझिन्स यांच्यासारखे थोडे लोक काम करीत राहिले. सुमारे तेरा वर्षांनी, लॉर्ड कर्झन यांच्या काळात, १९०२ साली जॉन मार्शल यांची नेमणूक झाली तेव्हा खात्यात पुन्हा प्राण आला. १९०४ साली प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा झाला. एका कर्त्या माणसाबरोबर त्याने उभी केलेली संस्था खिळखिळी होते, हा अनुभव सर्वच क्षेत्रांत येतो. माणूस जातो तेव्हा संस्थेजवळ काय उरते, तर त्याने लिहून ठेवलेले कागद. खात्याच्या पडत्या काळात बर्जेस यांचे खंडच त्याचे भांडवल ठरले.

एडिंबरोतील अखंड व्यासंग

निवृत्तीनंतर बर्जेस एडिंबरोला राहिले. परंतु विश्रांती त्यांच्या स्वभावात नव्हती. गणिताचे मूळ प्रेमही त्यांनी सोडले नव्हते. त्रुटींच्या गणितात उपयोगी पडणाऱ्या एका अवघड समाकलाची सूक्ष्म कोष्टके त्यांनी स्वतः आकडेमोड करून तयार केली आणि त्या कार्यासाठी एडिंबरोच्या रॉयल सोसायटीने त्यांना कीथ पदक दिले. मंदिराच्या मोजमापात इंचाचीही गफलत खपवून न घेणाऱ्या वृत्तीचे मूळ येथे सापडते.

१९०३ साली त्यांनी ब्यूलर यांच्या जैन धर्मावरील जर्मन निबंधाचे इंग्रजी भाषांतर संपादून प्रसिद्ध केले व त्यास जैन दैवतकथांची रूपरेषा जोडली. त्याच वर्षी दिगंबर मूर्तिशास्त्रावरील त्यांचा निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त आला. त्यात चोवीस तीर्थंकरांच्या यक्ष-यक्षिणींची लक्षणे नोंदविली होती. १९१० साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी आपले दिवंगत स्नेही फर्ग्युसन यांच्या भारतीय स्थापत्यावरील इतिहासाची सुधारलेली आवृत्ती सिद्ध केली. ऑक्टोबर १९१६ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, एडिंबरो येथे त्यांचे देहावसान झाले. आयुष्याची चौऱ्याऐंशी वर्षे त्यांनी पूर्ण केली होती.

त्यांनंतर

ज्ञान पुढे सरकते तेव्हा पूर्वसूरींची काही मते गळून पडतात. फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी स्थापत्याची विभागणी धर्मानुसार केली होती. पुढील संशोधकांनी दाखवून दिले, की शैली धर्मापेक्षा प्रदेश, राजवट आणि शिल्पीकुले यांच्याशी अधिक बांधलेली असते. एकाच शिल्पीगटाने जिनालय आणि शिवालय दोन्ही घडविले असू शकते. धाराशिवच्या लेण्यांना बर्जेस यांनी जैन लेणी मानले. डॉ. हिरालाल जैन यांनी १९३४ साली कारंज्याहून प्रसिद्ध केलेल्या अपभ्रंश करकंडचरिउत तेरापूरजवळील लेण्यांची कथा येते आणि तिचा संबंध याच लेण्यांशी जोडला गेला. नंतरच्या अभ्यासकांनी मात्र त्यांचा आरंभ बौद्ध असावा आणि पुढे ती जैनांकडे आली असावीत, असे मत मांडले. हा वाद होऊ शकला, कारण वादासाठी लागणारे आराखडे आणि मोजमापे बर्जेस यांनी उपलब्ध करून ठेवली होती.

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९३९ पासून पुरातत्त्वाच्या संशोधनाची मोठी परंपरा घडविली. १९६५ साली वाराणसीत अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे कला व पुरातत्त्व केंद्र स्थापन झाले. कृष्णदेव आणि मधुसूदन ढाकी यांच्यासारख्या पंडितांनी तेथून भारतीय मंदिर-स्थापत्याच्या कोशाचे प्रचंड कार्य केले. ते केंद्र पुढे गुरुग्रामला गेले. एका शाळामास्तराने सुट्टीत सुरू केलेल्या उद्योगाचा वारसा असा मोठमोठ्या केंद्रांकडे आला.

आज अनेक गावी भक्तिभावाने जीर्णोद्धार होत आहेत. जुना पाषाण उतरतो, नवा संगमरवर चढतो. ते करणाऱ्यांची श्रद्धा निर्विवाद आहे. परंतु उतरलेल्या दगडावर एखाद्या अज्ञात श्रावकाचे नाव, एखादे शकवर्ष, एखाद्या गच्छाचा उल्लेख असू शकतो. पहिला दगड हलण्यापूर्वी चारी बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, आराखडा काढावा, प्रत्येक लेखाचा ठसा घ्यावा, जुन्या मूर्ती व शिल्पखंड यांना क्रमांक देऊन त्यांची वही करावी आणि ती संस्थेच्या दप्तरात हिशेबाच्या वह्यांइतक्याच काळजीने ठेवावी. याला फार धन लागत नाही. थोडा विचार आणि थोडे दिवस लागतात. कर्माशाहांनी उद्धार केला आणि त्याचा लेखही कोरून ठेवला. बर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो लेख जगापुढे आणला. उद्धार आणि नोंद ही दोन्ही कर्तव्ये एकाच हातून घडली, तर येणाऱ्या पिढ्यांना आपल्या पूर्वजांचा शोध घेण्यासाठी पुन्हा दूरदेशीच्या माणसाची वाट पाहावी लागणार नाही.